जांभळी कड

सोमवारी सकाळी सहा चाळीसला मास्तरांनी थोरल्या बहिणीच्या नडगीवरची पट्टी सोडली, तेव्हा जखम आदल्या दिवसापेक्षा आठ मिलिमीटरने मोठी भरली. लांबी नऊ सेंटिमीटर आठ मिलिमीटर, रुंदी सात. पू फारसा नव्हता, वास नव्हता. कड मात्र जांभळी, सुजलेली आणि आतून पोखरलेली होती. चिमट्याचं टोक तिच्याखाली सहज सरकत होतं.

मास्तर शाळेतले नव्हते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात ते एकतीस वर्षं ड्रेसर होते. नवीन डॉक्टर आले की जखम कशी धुवायची, कशी बांधायची हे त्यांच्याकडूनच शिकत, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. त्यांचा धडा एका वाक्याचा होता: मधलं मांस आपलं आपण भरतं, जखम वाढते ती कडेने, तेव्हा कड धरा. कडेचं मेलेलं मांस ताजं रक्त दिसेपर्यंत खरवडायचं. रक्त दिसलं की जिवंत मांस लागलं, मग थांबायचं. अवघड जखम असली तर ते तिच्यावर पारदर्शक शीट ठेवून बारीक पेनाने कड गिरवत, तारीख घालत आणि शीट फायलीत लावत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. अशा दोनशेवर फायली ड्रेसिंगच्या खोलीतल्या कपाटात होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींच्या शेवटच्या शीटवर एखादं टिकलीएवढं वर्तुळ उरलेलं असे. मास्तरांचा त्यांच्यावर जीव होता.

ताईची फाईल निळी होती. त्या दिवशीची शीट एकतिसावी.

ताई सहासष्ट वर्षांची. आई गेली तेव्हा ती सोळाची होती आणि मास्तर सहा वर्षांचे. तिने शर्ट शिवून त्यांना वाढवलं, शिकवलं, आणि हाताला सवय लागली म्हणून पुढेही शिवतच राहिली. सहा वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. हा सावकाश चालणारा प्रकार होता. हाडांच्या आतला मगज हळूहळू जाळीने भरत जातो, पोटातली प्लीहा फुगते, रक्ताचे आकडे वरखाली होतात. दिवसातून दोन गोळ्या आणि महिन्याला एक तपासणी, एवढ्यावर तिचं चालू होतं. ती त्याला भाडेकरू म्हणायची. घर सोडत नाही, पण भांडतही नाही, असं तिचं मत होतं.

पाच आठवड्यांपूर्वी पायमशीनची लोखंडी पट्टी तिच्या नडगीला लागली. दोन दिवसांनी तिथे लाल फोड आला. मास्तरांनी तो फोडला, धुतला, बांधला. तिसऱ्या दिवशी फोडाच्या जागी रुपयाएवढी जखम होती. पाच आठवड्यांत ती तळहाताएवढी झाली. तीन वेळा पू तपासायला गेला, तिन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. अँटिबायोटिक तीनदा बदलली. सर्जन साहेबांनी कडेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला, त्याचा अहवाल यायचा होता. घरी मास्तर रोज सकाळी कड धरत होते.

सोमवारी त्यांनी ट्रे उघडला तेव्हा ताई खिडकीकडे बघत होती. ती म्हणाली, "आज राहू दे ना रे."

मास्तरांचा हात क्षणभर थांबला. मनात पाल चुकचुकली, पण कशाने ते कळेना. ताई कधी असं म्हणत नसे. सुई बोटात जाऊन आरपार निघाली तरी शर्टाला रक्त लागलं का, हे आधी बघणारी बाई ती. हे वाक्य त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं होतं, याच सुरात. मग आठवलं. खाट नंबर अकरा. नऊ वर्षांपूर्वी. बारीक अंगाचा, छपाईच्या कारखान्यात कामाला असलेला माणूस. तो मास्तरांना येताना बघून पाय चादरीखाली ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, मास्तर, आज राहू द्या ना.

मास्तर त्याला जे म्हणत तेच ते ताईला म्हणाले, की जखम माझ्यावर सोड. आणि त्यांनी रक्त दिसेपर्यंत कड खरवडली. ताईने उशीचं टोक दातांत धरलं होतं.

दहा वाजता दोघं रुग्णालयात होते. सर्जन साहेबांनी जखम पाहिली. मास्तर आणि साहेब वीस वर्षं एकत्र काम करत आले होते, त्यामुळे साहेबांनी आडपडदा ठेवला नाही. जखम हाडाकडे निघाली आहे, म्हणाले. ताईला दाखल करून घेऊ, गुरुवारी गुडघ्याखाली पाय काढू, नाहीतर पुढे जीवावर बेतेल. ताईने विचारलं की मशीन एका पायाने चालवता येतं का. साहेबांनी विजेच्या मशीनचं सुचवलं. त्यावर ताई म्हणाली की विजेचं मशीन म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवणं. साहेब हसले. मास्तर हसले नाहीत.

रक्ताच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करायची तर रक्ताच्या डॉक्टरची सही लागते, म्हणून दुपारी एक वाजता ती डॉक्टर आली. ही डॉक्टर बारा वर्षांपूर्वी याच वॉर्डात शिकाऊ होती आणि कड धरायला मास्तरांकडेच शिकली होती. ती पायाकडे नंतर वळली. आधी तिने ताईचा डावा हात धरून उजेडात वळवला. मागच्या आठवड्यात तपासणीसाठी जिथून रक्त काढलं होतं, तिथे मसुरीएवढा लाल फोड होता. मास्तरांनी तो पाहिला होता. डास चावला असेल म्हणून सोडून दिला होता.

मग तिने जखम पाहिली. हात न लावता. सकाळीच आलेला तुकड्याचा अहवाल वाचला: पांढऱ्या पेशींचा खच, जंतू नाहीत, कॅन्सरच्या पेशी नाहीत. तिने मास्तरांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"मास्तर, पाच आठवड्यांत कधी खंड पडला होता का? म्हणजे तुम्ही कड धरली नाही असे दिवस?"

पडला होता. मास्तर तापाने चार दिवस झोपून होते. त्या दिवसांत शेजारच्या बाईंनी फक्त वरची पट्टी बदलली होती. आत हात घालायचा त्यांना धीर झाला नव्हता.

डॉक्टर म्हणाली की ही जखम जंतूंची नसावी. रक्ताच्या अशा जुन्या आजारांत कधीकधी पांढऱ्या पेशींचं डोकं फिरतं. शत्रू नसताना त्या एखाद्या जागी गर्दी करतात आणि तिथलंच मांस खातात. जिथे टोचलं, कापलं, खरवडलं, तिथे आणखी धावून जातात. रक्षकच भक्षक. ही जखम जितकी साफ कराल तितकी वाढते. पण तिला खात्री नव्हती. उपाय स्टेरॉइडचा, मोठ्या मात्रेचा. आणि आत लपलेले जंतू असले, तर त्या औषधाने ताईची होती नव्हती ती ताकद जाईल आणि आठवड्यात सगळं संपेल. रोगापेक्षा औषध जालीम. साहेबांना पटवायचं तर तिला पुरावा हवा होता.

 मास्तर ड्रेसिंगच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावलं. भिंतीवर एक्स-रे बघायची दिव्याची पेटी होती. त्यांनी दिवा लावला आणि निळ्या फायलीतल्या शीट तारखेच्या क्रमाने एकावर एक चिकटवायला सुरुवात केली. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वर्तुळं असतात तशा रेघा उमटत गेल्या, आतून बाहेर, दर दिवसाची एक. बारावी शीट ताप चढला त्या सकाळची, कड न धरता नुसती गिरवलेली; तिच्यानंतर चार दिवसांचा खंड. तेराव्या शीटवर तापातून उठल्यावरची रेघ. त्यांनी ती बारावीवर ठेवली.

दिसली एकच रेघ.

शीट हलली असेल म्हणून त्यांनी ती काढून पुन्हा लावली. तीच. चार दिवसांत जखम केसभरही सरकली नव्हती. आणि तेराव्या शीटच्या दिवशी त्यांनी मोठ्या हौसेने साचलेली घाण काढली होती. बाजूला त्यांच्याच अक्षरात होतं, 'कड नीट धरली, रक्त चांगलं आलं.' चौदावी शीट सहा मिलिमीटर बाहेर होती.

ते तिथेच थांबू शकले असते. पुरावा मिळाला होता. पण त्यांचा हात कपाटाकडे गेला. नऊ वर्षांपूर्वीची फाईल तळाशी होती. वर लिहिलं होतं: 'खाट ११, डावी नडगी, रक्ताचा जुना आजार.' हे शेवटचे तीन शब्द त्यांनी स्वतः लिहिले होते आणि त्यानंतर कधी वाचले नव्हते.

मास्तरांची साप्ताहिक सुट्टी तेव्हा गुरुवारी असे, आणि बुधवारी ऑपरेशनच्या गडबडीत ते कड न धरता फक्त माप घेऊन पट्टी बदलत. त्यांनी बुधवारची शीट लावली, वर शुक्रवारची. एकच रेघ. पुढचा बुधवार, पुढचा शुक्रवार. एकच रेघ. शुक्रवारनंतर शनिवार मात्र दर आठवड्याला बाहेर. बाविसाव्या शीटच्या बाजूला 'कड जांभळी, आतून पोखरलेली, वास नाही' असं होतं. तेविसावी शीट गोल होती. ती गुडघ्याखाली कापलेल्या पायाच्या टोकाची होती. चोविसावी तिच्याहून मोठी. शेवटची एकोणतिसावी. त्यानंतर टिकलीएवढं वर्तुळ नव्हतं. काहीच नव्हतं.

तो माणूस पाय चादरीखाली ओढून घ्यायचा. गुरुवारी तो पेपर वाचत बसलेला असायचा, असं दुसऱ्या पाळीतले लोक सांगत. मास्तरांनी तेव्हा त्याची थट्टा केली होती, की गुरुवारी तुम्ही नवरदेवासारखे दिसता म्हणे.

चार वाजता साहेबांच्या खोलीत तिघं होते. साहेब खुर्चीत, डॉक्टर समोर, मास्तर दाराशी उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. एकतीस वर्षांच्या हाताने साफ केलेली जखम वाढते, म्हणजे आत काहीतरी भयंकर आहे, आणि अशा वेळी स्टेरॉइड देणं म्हणजे आगीत तेल. डॉक्टर अहवाल दाखवत होती, हातावरच्या फोडाबद्दल सांगत होती. साहेब म्हणाले की एका फोडावरून एवढी उडी मारू नका.

मास्तरांनी दोन्ही फायली टेबलावर ठेवल्या. बारावी आणि तेरावी शीट उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"ती आपोआप वाढली नाही साहेब. मी वाढवली. ही बघा, मी आजारी होतो ते चार दिवस."

साहेबांनी शीट हातात घेतल्या. बराच वेळ पाहिल्या. मग दुसरी फाईल ओढली. वरचं वाचल्यावर त्यांनी ती उघडायला वेळ लावला. बुधवार, शुक्रवार. तेविसाव्या शीटपाशी ते थांबले.

"हा पाय मी कापला होता," ते म्हणाले.

 बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक करकरत होतं. मग साहेबांनी कागद पुढे ओढला, गुरुवारच्या यादीतून ताईचं नाव खोडलं आणि पुढच्या सोमवारच्या यादीत, सकाळी दहा वाजता, लिहिलं. तोवर स्टेरॉइड द्या, म्हणाले. जखम थांबली तर ठीक. वाढली किंवा ताप आला, तर मला दुसरा रस्ता नाही.

निर्णय ताईचा होता. डॉक्टरने तिच्या खाटेशी बसून दोन्ही बाजू सांगितल्या, न लपवता. ताईने सगळं ऐकून घेतलं. तिला भाडेकरूबद्दल एवढंच म्हणायचं होतं, की सहा वर्षं गप्प राहिला तेव्हाच संशय यायला हवा होता. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. ते पायथ्याशी उभे होते, हातात त्या फायली तशाच. त्यांना तिला सांगायचं होतं. फोड मी फोडला इथपासून ते रोज सकाळी उशी तुझ्या दातांत होती इथपर्यंत. त्यांनी सुरुवात केली आणि मधेच निळी फाईल उघडून तिच्यापुढे धरली.

"कळलं मला," ताई म्हणाली. "मापं घेऊन झाली तुझी. आता कात्री खाली ठेव."

मंगळवारी सकाळी आठला स्टेरॉइड सुरू झालं. जखम आता सिस्टर बघणार होती. वरून कोमट सलाईन सोडायचं, न चिकटणारी जाळी ठेवायची, सैल बांधायचं. पुसायचं नाही, ओढायचं नाही. मास्तरांना फक्त शीट गिरवायची परवानगी होती, तीही जखमेला टेकवायची नाही, वर अधांतरी धरून. ही सिस्टरही त्यांच्याच तालमीतली. पहिल्या दिवशी ती म्हणाली की मास्तर, बघणाऱ्याने हात मागे धरायचे, तुमचाच नियम. त्यांनी हात मागे धरले.

बुधवारी दुखणं कमी झालं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा ताई दुपारी झोपली. गुरुवारची रेघ बुधवारच्या रेघेवर बसली. त्या दिवशी कडेला एक पिवळा धागा सुटलेला लोंबत होता, मेलेल्या मांसाचा, दोन सेंटिमीटरचा. कुठलाही ड्रेसर तो सोडणार नाही. सिस्टर जाळी कापायला वळली होती. तिने परत पाहिलं तेव्हा मास्तरांच्या हातात चिमटा होता. तो कधी उचलला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सिस्टरने फक्त "मास्तर" म्हटलं, हळू. त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि ते खोलीबाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले. ताईने सिस्टरला सांगितलं, लहानपणी याला खपली काढू नको म्हणून दोन्ही हातांना मोजे शिवून घातले होते मी.

शुक्रवारी दुपारी मास्तर तळमजल्यावर जुन्या कागदपत्रांच्या खोलीत गेले. तिथल्या कारकुनाने अकरा नंबरचा कागद शोधायला चाळीस मिनिटं घेतली. शेवटची नोंद नऊ वर्षांपूर्वीची होती: दुसऱ्यांदा, गुडघ्यावरून, पाय कापण्यास रुग्णाचा नकार, स्वतःच्या जबाबदारीवर घरी. खाली सही होती, तिरकी. कारकुनाने विचारलं, मेला का? मास्तर म्हणाले की तेच बघतोय. पुढे नोंद नव्हती. मेल्याचीही नव्हती. पत्ता होता.

त्यांनी पत्र लिहायला घेतलं. जखमेचं काय झालं, असं विचारायचं होतं. ते वाक्य तीनदा लिहून फाडलं. शेवटी चार ओळी झाल्या. त्यांत त्यांनी आपलं नाव, वॉर्ड आणि कुठल्या वर्षी कुठली खाट एवढं सांगितलं, आणि लिहिलं की तुम्ही आज राहू द्या म्हणत होता, ते बरोबर होतं. पत्र संध्याकाळी टपालपेटीत पडलं.

शनिवारी आणि रविवारी रेघ तीन बाजूंनी आत आली. आधी अर्धा मिलिमीटर, मग एक. जांभळा रंग फिका होऊन विटकरी झाला. घोट्याकडच्या बाजूला रेघ होती तिथेच होती. साहेब रविवारी सुट्टी असूनही येऊन पाहून गेले. त्यांनी हात खिशात ठेवले होते. दहाच्या यादीतून नाव मात्र काढलं नाही.

मास्तर रोज दोनदा अकरा नंबरच्या खाटेवरून जात. तिथे आता हर्नियाचा एक पेशंट होता, लठ्ठ, गप्पिष्ट. ते जवळून गेले की तो सहज पाय आखडून वाट द्यायचा. मास्तर दुसऱ्या बाजूने जायला लागले.

सोमवारी सकाळी सहा चाळीसला त्यांनी अडतिसावी शीट धरली. तीन बाजूंनी रेघ आणखी एक मिलिमीटर आत. घोट्याकडे स्थिर. ते आकडे लिहीत असताना सिस्टरने ताईच्या काखेतलं थर्मामीटर काढलं आणि उजेडात धरलं. शंभर पॉइंट दोन. तिने झटकून पुन्हा लावलं. शंभर पॉइंट दोन.

सात वाजता डॉक्टर आली. हा ताप त्याच पेशींचा शेवटचा धिंगाणा असू शकतो, म्हणाली, किंवा स्टेरॉइडच्या आडून शिरलेल्या जंतूंचा. रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि रक्त तपासायचं तर सुई टोचावी लागेल. टोचल्या जागी पुन्हा फोड उठला तर ताप पेशींचा म्हणता येईल, पण ते कळायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. साहेबांची वेळ दहाची. ताईने उजवा हात पुढे केला आणि म्हणाली की आयुष्यभर सुया मोजल्या नाहीत, आता काय मोजायच्या.

सात वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरने रक्त काढलं. मास्तरांनी खिशातलं बारीक पेन घेतलं आणि टोचल्या जागेभोवती, कातडीला जेमतेम टेकवत, एक वर्तुळ काढलं. बाजूला वेळ लिहिली. मग हात मागे धरले.

पत्राचं उत्तर आलेलं नव्हतं. साहेबांच्या यादीत दहा वाजताचं नाव अजून होतं. रक्ताचा पहिला आकडा साडेनऊला मिळणार होता. नऊ वाजता ताप शंभर पॉइंट दोनच होता आणि वर्तुळाच्या मधे सुईचं टिंब होतं, लाल, मोहरीपेक्षा लहान.